ब्रेक-इव्हनच्या ग्राफवर कुठलं अक्षर तिरकं, कुठलं सरळ?



ब्रेक-इव्हनचा ग्राफ कसा काढायचा ते आपण व्हिडिओत पाहिलं. आता त्यावरची अक्षरं नीट करूया. कारण बँकेत प्रोजेक्ट रिपोर्ट वाचला जातो, तेव्हा समजावून सांगायला तुम्ही दरवेळी समोर नसता.

समजा, तुमचा लाकडी घाण्याच्या तेलाचा व्यवसाय आहे. महिन्याचा स्थिर खर्च ₹३०,०००. एक लिटर तेल ₹४०० ला विकता, त्यामागे बदलता खर्च ₹३००. म्हणजे लिटरमागे ₹१०० उरतात. ३०,००० भागिले १००, म्हणजे ३०० लिटर विकलं की ना नफा, ना तोटा.

आता ग्राफच्या आडव्या अक्षावर विक्रीसाठी इंग्रजी ‘क्यू’ लिहिलात आणि शेजारी लिटरचा ‘एल’. दोन्ही तिरके. पण सूत्रात मजुरीलाही तुम्ही ‘एल’च म्हटलंय! मग वाचणाऱ्याला वाटेल, हा विक्री गुणिले मजुरी असा काही हिशोब आहे. तिथेच तो अडकणार.

यासाठी जगभर पाळला जाणारा साधा नियम आहे: रकमेच्या किंवा मापाच्या जागी घेतलेलं अक्षर तिरकं, एकक, आकडे आणि पूर्ण शब्द सरळ. म्हणजे ‘क्यू’ तिरका आणि कंसातला लिटरचा ‘एल’ सरळ.

हे करायचं कसं?

१. एक्सेलमध्ये अक्षाच्या नावावर क्लिक करा. फक्त ‘क्यू’ सिलेक्ट करून कंट्रोल आणि ‘आय’ दाबा.

२. ते नाव एखाद्या सेलला जोडलेलं असेल, तर एकच अक्षर तिरकं करता येत नाही. अशा वेळी नाव थेट टाईप करा.

३. वर्डमध्ये इक्वेशन घातलं की अक्षरं आपोआप तिरकी होतात. एकक सिलेक्ट करा आणि इक्वेशन टॅबमधलं ‘टेक्स्ट’ दाबा.

४. मराठी शब्द सरळच ठेवा. बहुतेक देवनागरी फॉन्टना वेगळं तिरकं रूप नसतं. कॉम्प्युटर अक्षर नुसतं कलतं करतो आणि वाचायला त्रास होतो. उठाव हवा असेल तर बोल्ड करा.

शेवटी एक तपासणी: सूत्रात जे अक्षर तिरकं, ते ग्राफवरही तिरकंच हवं. रिपोर्टची प्रिंट काढण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करून टाका!