पाईप जोडला, तरी आरएम ढिम्म का?

कर्वेनगरमध्ये इंजिनीअरिंग करणाऱ्या आणि लिनक्सशी नुकतीच ओळख झालेल्या मंडळींसाठी ही पोस्ट. फाइंडने जुन्या फाइलींची यादी काढली, पाईप लावून ती आरएमकडे पाठवली, तर आरएम काहीही पुसत नाही, उलट ‘ऑपरंड कुठंय?’ म्हणून कुरकुरतं. कारण पाईपमधून येतं ते स्टँडर्ड इनपुट. ग्रेप, सॉर्ट ते वाचतात. आरएम, एमकेडिर मात्र फक्त कमांडपुढे लिहिलेले अर्ग्युमेंट बघतात.

मधला दुवा म्हणजे एक्सआर्ग्ज. तो इनपुट वाचतो, त्याचे अर्ग्युमेंट करतो आणि कमांड चालवतो. यादी फार लांब असेल तर तिचे तुकडे पाडून कमांड पुन्हा पुन्हा चालवतो. यादीच्या लांबीची मर्यादा बाइटमध्ये मोजतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. नुसतं ‘कर्वेनगर’ म्हणजे काना-मात्रा, हलन्त धरून ८ चिन्हं, २४ बाइट!

खरा घात करते ती स्पेस. ‘कर्वेनगर सभा’ नावाची एकच फाइल एक्सआर्ग्जला दोन फाइली वाटते. शेजारी ‘कर्वेनगर’ नावाची दुसरी फाइल असेल तर बिचारी हकनाक जाते. म्हणून फाइंडला ‘-प्रिंट०’ आणि एक्सआर्ग्जला ‘-०’ द्यायचं. मग नावं स्पेसवर नाही, नल बाइटवर तुटतात. माझ्या मते ही जोडी पहिल्याच दिवशी शिकवायला हवी.

आणि हो, एक्सआर्ग्जचा छोटा ‘-पी’ दर वेळी विचारून कमांड चालवतो. मोठा ‘-पी’ एकदम अनेक कमांडी सोडतो. आरएमसोबत हे दोन अदलाबदल करू नका.