शेखावाटींतील चित्रित हवेल्यांचा कालनिर्णय

तिथि नसलेलें पत्र हातीं आलें म्हणजे अक्षराचें वळण, शाई व कागद पाहून आपण त्याचा काळ ठरवितों. राजस्थानांत झुंझुनू, सीकर व चूरू या जिल्ह्यांत पसरलेल्या शेखावाटीच्या व्यापारी हवेल्यांनाही हीच कसोटी लावतां येते, असें आमचें मत आहे.

हवेलीच्या दरवाजांतून बाहेरच्या चौकांत यावें. तेथेंच बैठक, म्हणजे शेठजींची पेढी. दुसरा दरवाजा ओलांडला कीं स्त्रियांचा आंतला चौक. आपल्या वाड्यांशीं याचें साम्य उघड आहे. मात्र आपल्याकडे वाड्याची बाहेरची भिंत बहुधा साधी असते. नवलगड, मंडावा, फत्तेपूर येथें चित्रें थेट रस्त्यावर येतात. धनी कलकत्त्यास वा मुंबईस, आणि वैभव गांवच्या भिंतीवर!

जुन्या कामांत गेरू, पिवडी, काजळी, चुना व नीळ हे रंग आढळतात. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावून तो घोटीत. चुना हवेंतील कर्बाम्लवायु शोषून कठीण होतां होतां रंग त्यांत बद्ध होई. कृत्रिम अल्ट्रामरीन ही भडक निळी पूड यूरोपांत १८२८ च्या सुमारास सिद्ध झाली. ती मूळ थरांत सांपडल्यास चित्र त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. लाजवर्दाचा नैसर्गिक रंगही तसाच दिसतो, पण तो फार महाग, व सूक्ष्मदर्शकाखालीं त्याचे कण लहानमोठे दिसतात.

आगगाडीच्या चित्रावर मात्र फार विसंबूं नये. बोरीबंदर-ठाणें गाडी १८५३ सालीं धांवली हें खरें. परंतु चिताऱ्यानें गाडी न पाहतां छापील चित्रावरूनही ती काढली असेल. राजा रविवर्म्याच्या मुंबईच्या छापखान्यांतील चित्राची हुबेहूब नक्कल भिंतीवर दिसल्यास १८९४ ही पूर्वमर्यादा धरण्यास हरकत नाहीं.

एकदां आम्हीच फसलों. निळ्या रंगावरून एका भिंतीचा काळ ठरवून मोकळे झालों. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या उन्हांत पापुद्रा निघालेल्या जागीं खालून गेरूची जुनी वेल डोकावली. रंग थराचा काळ सांगतो, घराचा नव्हे.

पुष्कळ मालक परगांवीं स्थायिक झाले आहेत. कोठें चित्रांवर चुना फांसला जातो, कोठें कोरीव दारें विकलीं जातात. तेथें जाणाऱ्या संग्राहकांनीं वस्तू आणण्यापेक्षां थर व रंग यांची टिपणें आणावीं. भिंतीवर विक्रम संवत् आढळल्यास सामान्यतः ५७ वजा करावे. पौषाच्या सुमारापासून पुढील तिथींस ५६.