मुख्याध्यापकाचं प्रशिक्षण कुठे होतं?

मुख्याध्यापकाचं प्रशिक्षण म्हणजे चार दिवसांची कार्यशाळा, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात शालेय नेतृत्व (मुलांचं शिकणं सुधारण्यासाठी शिक्षक, वेळ आणि पालक यांची सांगड घालण्याचं काम) शाळेतच, कुणाच्या तरी सोबतीने शिकावं लागतं. पेरणीनंतर खुरपणी लागते तसं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट 150च्या वर गेल्यावर. त्यामुळे धडगाव, भामरागडच्या पाड्यांवरच्या लहान शाळांत वर्ग शिकवणारा शिक्षकच पोषण आहाराच्या नोंदींपासून स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांपर्यंत सारं सांभाळतो. अशा शाळांना प्रशिक्षणाआधी पुरेसे शिक्षक द्या, हा आक्षेप रास्तच आहे. पण नव्या शिक्षकालाही आधार लागतो. केंद्रप्रमुखाचं (शाळांच्या गटाला मार्गदर्शन करणारा अधिकारी) पद त्यासाठीच आहे. त्याला अहवालांतून मोकळं करून नियमितपणे वर्गात बसू द्यायला हवं.