दुकान नसलेल्या वाटेवरची दुरुस्ती

लोह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे; तरीही खोल समुद्रातील प्रवासाचे एक सूत्र या भागातील जुन्या माणसांना सहज उमगेल. बैलगाडीने माळेगावच्या यात्रेला निघणारा शेतकरी वंगण, जादा दोर आणि चार हत्यारे बरोबर घेई. कारण आडवाटेला चाक निखळले, तर सुतार-लोहार कोठून मिळणार? शिडाच्या नौकेत महिनोन्महिने राहणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो. फरक इतकाच, की त्यांच्या वाटेवरचे पुढचे बंदर कित्येक आठवड्यांच्या अंतरावर असते.

अशी नौका एकाच वेळी घर असते आणि वाहनही. खाऱ्या हवेने धातू गंजतो, सतत घासून दोर झिजतात, वादळी वाऱ्यात शीड उसवते, डिझेलमध्ये पाणी अथवा गाळ शिरून इंजिन बंद पडते. म्हणून शिडे शिवण्याची जाड सुई, पंपांचे सुटे भाग, इंधनाच्या गाळण्या आणि चाक निकामी झाल्यास थेट सुकाणूला जोडता येणारा दांडा यांची तरतूद निघण्यापूर्वीच करावी लागते.

मात्र सामानापेक्षाही मोलाची असते ती नौकेची ओळख. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून साकारलेल्या नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ मोहिमेत कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ‘म्हादेई’ नौकेतून, चार बंदरांत थांबत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ही नौका आकार घेत असताना दोंदे त्या कामात सहभागी होते. ज्याने घर बांधले जाताना पाहिले, त्याला भिंतीतील नळ कोठून गेला आहे हे शोधावे लागत नाही.

ओळखीला कल्पकतेची जोड मिळाली, की हाताशी असलेली वस्तूच सुटा भाग होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी फ्रान्समधून सुरू झालेल्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने करावयाच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत अभिलाष टॉमी यांच्या नौकेची वाऱ्यावर चालणारी सुकाणूयंत्रणा बिघडली. तिच्या दुरुस्तीसाठी त्यांनी शौचालयाच्या दाराची फळी कापून वापरली. २३६ दिवसांनी ते दुसऱ्या क्रमांकाने परतले.

परंतु प्रत्येक बिघाड समुद्रातच दुरुस्त करण्याचा हट्ट धरणे हे शौर्य नव्हे. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘तारिणी’ या सुमारे ५५ फुटी नौकेतून गोव्याहून निघाल्या. त्यांच्या नियोजनात चारच बंदरे होती. शेवटच्या टप्प्यात, केपटाउनहून गोव्याकडे येताना, सुकाणूयंत्रणेत बिघाड झाला. परतीची ओढ असतानाही त्यांनी नौका मॉरिशसमधील पोर्ट लुईकडे वळवली. हा पाचवा थांबा वेळापत्रकात नव्हता. पण सुकाणूचा भरवसा नसताना पुढचा हिंद महासागर ओलांडणे म्हणजे सहा जीव पणाला लावणे होते. दुरुस्ती करून त्या २१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, गोव्यात सुखरूप पोहोचल्या.

काय स्वतः दुरुस्त करावे आणि कशासाठी बंदर गाठावे, हा विवेक कोणत्याही हत्यारपेटीत मिळत नाही. तो रोजच्या निगराणीतून येतो. झिजलेला दोर तुटण्याआधी बदलणे, सैल झालेला बोल्ट वेळीच आवळणे, गाळणी तुंबण्याआधी उघडून पाहणे, ही कामे कंटाळवाणी असतात. तथापि वादळातील अर्धी लढाई शांत दिवशी याच कामांतून जिंकलेली असते.

पोर्ट लुईला थांबलेल्या ‘तारिणी’ची वाटचाल तेथे संपली नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दोन महिला अधिकारी हीच नौका घेऊन पुन्हा पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि मे २०२५ मध्ये तिला सुखरूप गोव्यात परत घेऊन आल्या.