वाचनाची अडचण आणि परीक्षेचे माप

पुण्यात मंडईच्या आसपास वाणसामानाच्या दुकानी कोणी स्वतःचा डबा घेऊन तेल आणावयास गेला, तर दुकानदार रिकामा डबा आधी काट्यावर ठेवतो, आकडा शून्यावर आणतो आणि मगच तेल ओततो. विजेवर चालणारे काटे येण्यापूर्वी डब्याइतके वजन दुसऱ्या पारड्यात टाकीत. त्याला धडा करणे म्हणत. (धडा म्हटले की शहरी घरांत आता पाठ्यपुस्तकच डोळ्यांपुढे येते, ही गोष्ट वेगळी.) असा धडा केल्याने दुकानदाराने मेहेरबानी केली असे कोणी मानीत नाही. तेल वाढत नाही. फक्त डब्याचे वजन तेलाच्या हिशेबात येत नाही.

प्राथमिक शाळेच्या परीक्षेत मात्र हा साधा न्याय पुष्कळदा विसरला जातो. परिसर अभ्यासाची प्रश्नपत्रिका मुलाला पाऊस कसा पडतो हे ठाऊक आहे की नाही, ते पाहण्यासाठी असते. पण ज्याला एकेक ओळ वाचण्यास इतरांच्या तिप्पट वेळ लागतो, त्याच्या बाबतीत ती पाऊस मोजीत नाही, वाचन मोजते; आणि प्रगतिपुस्तकात शेरा पडतो तो परिसर अभ्यासाचा.

बुद्धी चांगली, दृष्टी व श्रवण ठीक, शिकविण्यात हयगय नाही, तरीही लिखित शब्द सहज उलगडत नाही, या अवस्थेस डिस्लेक्सिया हे नाव रूडोल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ साली दिले. त्या वेळी त्याच्यापुढे होते ते आजारपणामुळे वाचन गमावलेले प्रौढ रुग्ण. जन्मतःच ही अडचण असलेल्या मुलाचे प्रसिद्ध वर्णन प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ साली केले. तो मुलगा चौदा वर्षांचा होता; खेळांत चपळ, हिशेबात बरा, परंतु लहानसहान शब्दही त्याला वाचता येत नसत. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय मॉर्गन यांनी नोंदवून ठेवला आहे. परीक्षेतील सवलतींचा सारा विचार त्या शिक्षकाच्या एका वाक्यात बीजरूपाने आहे. आपल्याकडे या अडचणीचे नाव घरोघर पोहोचले ते २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे. पण त्यातील उलटीसुलटी नाचणारी इंग्रजी अक्षरे पाहून, मराठी मुलाचेही असेच होत असेल, असा एक समज त्याबरोबर पसरला.

वस्तुतः मराठीत ही अडचण बरीच निराळी दिसते. इंग्रजीत अक्षर एक आणि उच्चार अनेक, त्यामुळे तेथे चुका चटकन उघड्या पडतात. देवनागरीत बहुधा जसे लिहिले तसे वाचले जाते. म्हणून डिस्लेक्सिया असलेले मराठी मूल दोनतीन वर्षांच्या कष्टाने पुष्कळसे बरोबर वाचू लागते, पण अत्यंत सावकाश. शिवाय आपल्या लिपीच्या काही खोडी आहेतच. ‘कि’ मधील वेलांटी डोळ्याला आधी भेटते आणि कानाला नंतर. रफार उच्चारायचा आधी, पण तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. घ आणि ध, भ आणि म यांत फरक तो केवढासा. त्यात जोडाक्षरांची भर. ‘३६ लिंबे ४ जणांना सारखी वाटली, तर प्रत्येकाला किती?’ हे गणित कानांनी ऐकले तर जे मूल ‘नऊ’ म्हणून मोकळे होईल, तेच मूल कागदावरच्या ‘प्रत्येकाला’ या शब्दापाशी अडून बसते. वाचलेले बरोबर, पण वेळ संपला. मग शिक्षक त्याला आळशी म्हणतात आणि घरचे लोक लक्ष नसल्याची तक्रार करतात. ज्याचा दोष चुकांत न दिसता वेळात दिसतो, त्याला जादा वेळ देणे हा सर्वांत सरळ उपाय होय.

हे काही नवे नाही. महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना परीक्षेतील सवलती १९९६ साली मान्य केल्या. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आणि जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आला. ही अक्षमता लवकरात लवकर ओळखावी, असेही कायदा सांगतो. पण २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र मिळण्यास मुलाचे वय किमान आठ वर्षे हवे. त्यालाही कारण आहे. सहा वर्षांची पुष्कळ मुले अडखळत वाचतात आणि नंतर सुधारतात, त्यांच्यावर घाईने शिक्का मारणे बरे नव्हे. परिणाम असा की पहिली-दुसरीचे मूल प्रमाणपत्राविना राहते, आणि ‘आपल्याला काही येत नाही’ हे मुलाच्या मनात पक्के होते ते नेमके याच दोन वर्षांत.

यातून वाट आहे, आणि ती शाळेच्याच हातात आहे. बोर्डाच्या परीक्षेला मंडळाची परवानगी लागते. दुसरीच्या चाचणीला कोणाची लागणार? ती वर्गशिक्षिकाच काढते आणि तीच तपासते. महाराष्ट्रात २०१० पासून सुरू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, निरीक्षण ही साधने लेखी चाचणीच्या बरोबरीनेच मानलेली आहेत. तेव्हा प्रश्न मोठ्याने वाचून दाखविणे, अक्षरे मोठी व ओळी विरळ छापणे, फळ्यावरून प्रश्न उतरवून घ्यावयास न लावणे, परिसर अभ्यासात ऱ्हस्वदीर्घाचे गुण न कापणे, तासाच्या पेपराला वीस मिनिटे अधिक देणे, यांतील एकाही गोष्टीस सही-शिक्का लागत नाही. लेखनिकाचा आग्रह मात्र या वयात धरू नये. दुसऱ्याला नीट मजकूर सांगणे हेही एक कसब आहे, ते सात वर्षांच्या मुलापाशी नसते. त्यापेक्षा उत्तर सरळ तोंडी घ्यावे.

इतर मुलांवर हा अन्याय नव्हे काय, असे कोणी पालक विचारील. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर परीक्षा काय मोजते यावर अवलंबून आहे. मराठीच्या वाचनाचीच परीक्षा असेल, तर उतारा वाचून दाखविणे म्हणजे तेलाऐवजी डबाच विकणे. तेथे जादा वेळ द्यावा, वाचून देऊ नये. गणितात आणि परिसर अभ्यासात मात्र प्रश्न ऐकविल्याने कोणाचेही काही जात नाही. चांगले वाचणाऱ्या मुलास त्याचा फारसा लाभ होत नाही, हीच त्या सवलतीची कसोटी.

ज्या मंडईपासून हे विवेचन सुरू झाले तिची इमारत १८८६ साली उभी राहिली. तिच्यावर मोठा खर्च करण्यास नगरपालिकेतील ज्या सभासदाने विरोध केला आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे म्हटले, ते जोतीराव फुले; पुढे मंडईला नाव मिळाले ते त्यांचेच. प्राथमिक शिक्षणाकडे सरकार दुर्लक्ष करते, हे त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. त्या वेळचा प्रश्न मुलांना शाळेच्या दारात आणण्याचा होता. आता दार उघडे आहे, पण महाराष्ट्रात २०२३ साली पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाची दोन महिन्यांत फेरपरीक्षा होते, आणि त्यातही जमले नाही तर ते त्याच वर्गात राहते. फेरपरीक्षा पहिल्यासारखीच, तेवढ्याच वेळात आणि मुक्याने वाचावयाची असेल, तर मे-जूनमध्येही तोच डबा धडा न करता पुन्हा काट्यावर चढेल. म्हणून ज्यांचे मूल पाचवीत आहे आणि सावकाश वाचते, त्या घराने प्रमाणपत्राचा अर्ज चौथीतच करावा, आणि शाळेकडे जादा वेळेची लेखी मागणी निकालानंतर नव्हे, तर पहिल्या सत्रातच द्यावी.