पाणी सांभाळा, मासे आपोआप सांभाळले जातील
घरगुती सागरी टाकी : पाण्याची चाचणी आणि दुकानदाराची जबाबदारी

आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे गाव सह्याद्रीच्या अगदी कड्यावर वसले आहे. पावसाळ्यात तेथे उभे राहिले की पाण्याच्या दोन वाटा दिसतात. पूर्वेकडे पडलेले पाणी घोड नदीला मिळते, डिंभे धरणात साठते, पुढे भीमा आणि कृष्णा या नद्यांमधून बंगालच्या उपसागराला जाते. तीच सर चार पावले पश्चिमेला पडली तर कड्यावरून मुरबाडच्या अंगाला कोसळते आणि अरबी समुद्र गाठते. दोन्ही वाटांचा शेवट समुद्रातच. ज्या ढगांतून हा पाऊस पडतो तेही समुद्रावरूनच आलेले. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, मीठ मात्र खालीच राहते. म्हणून समुद्र खारा आणि आहुप्याचा पाऊस गोडा.

व्यापाराच्या पानावर हा भूगोल कशाला, असे वाचकांना वाटेल. कारण असे की, शोभेच्या माशांच्या धंद्यात आपले अनेक बंधू आहेत. कोणी दुकानदार, कोणी काचेच्या टाक्या जोडणारे, कोणी लोखंडी स्टँड बनविणारे. गोड्या पाण्यातील माशांबरोबर आता घराघरांतून सागरी टाकीची मागणी येते. टाकी, दिवे, पंप, मीठ मिळून गिऱ्हाइकाचे बरेच पैसे लागतात. पण काही महिन्यांतच टाकी बसते, मासे मरतात, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. शंभरातील बहुतेक वेळा दोष माशांचा नसतो, पाण्याचा असतो. आहुप्याचा तो साधा धडा विसरला जातो.

आमची स्वतःची चूक

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आम्ही प्रथम १०० लिटरची सागरी टाकी लावली तेव्हा उन्हाळा होता. पाणी थंड राहावे म्हणून वर पंखा लावला होता. त्यामुळे रोज सुमारे दोन लिटर पाणी उडून जात असे. आम्ही ते रोज मिठाचे पाणी करून भरत होतो. खाऱ्या टाकीत खारेच पाणी घालायचे, असा आमचा समज!

आता हिशेब पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोन लिटरमागे रोज ७० ग्रॅम मीठ टाकीत जात होते आणि बाहेर काहीच पडत नव्हते. दहा दिवसांत ७०० ग्रॅम जादा मीठ. म्हणजे ३५ वरून खारटपणा ४२ वर गेला. आधी कोळंब्या मेल्या, मग शंख, मग मासे. आम्ही मात्र रोगाचे औषध शोधत होतो.

उडते ते गोडे पाणी, म्हणून भरायचेही गोडेच पाणी. मिठाचे पाणी फक्त टाकीतील काही पाणी काढून बदलताना वापरायचे. एवढी एक गोष्ट गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगितली, तरी निम्म्या टाक्या वाचतील.

वरचे पाणी कसे असावे?

भरावयाचे पाणी आहुप्याच्या पावसासारखे असावे, म्हणजे त्यात जवळजवळ काहीच विरघळलेले नसावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. नदीचे पाणी खडकावरून, शेतांतून येते आणि वाटेत क्षार, सिलिका, खतांचा अंश उचलते. विहिरीचे व बोअरचे पाणी तर बहुधा जडच. हे सर्व टाकीत साचत जाते आणि शेवाळ माजते. म्हणून आर.ओ. यंत्राचे पाणी वापरावे व ते मीटरने तपासावे. मीटरचा आकडा शून्याजवळ हवा. यंत्रातून जे पाणी वाया जाते ते फेकू नये, फरशी धुण्यास ठेवावे. सह्याद्रीच्या माथ्यावर एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात तेथील कित्येक गावांना टंचाई भोगावी लागते, हे ध्यानात असू द्या.

पावसाचे पाणी धरायचे असेल तर पहिल्या सरी सोडून, स्वच्छ प्लास्टिकवर, उघड्यावर धरावे. पत्र्यावरून आलेले नको, कारण पत्र्याचे जस्त पाण्यात उतरते. कारागीर बंधूंनीही लक्षात ठेवावे, की सागरी टाकीला पितळेची तोटी किंवा तांब्याची तार कोठेही लागता कामा नये. तांब्याचा थोडासा अंशही कोळंबी, शंख व प्रवाळ यांना विष आहे. माशांच्या काही औषधांतही तांबे असते. ती टाकीत न घालता वेगळ्या भांड्यात वापरावीत.

मिठागराचे मीठ का चालत नाही?

हा प्रश्न दुकानात नेहमी येतो. मिठागरात पाणी आटू लागले की चुनखडी आणि जिप्सम आधी खाली बसतात, नंतर मीठ धरते, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहते. म्हणजे जे हाती येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. संपूर्ण समुद्र त्यात नसतो. म्हणून टाकीसाठी तयार केलेले सागरी मीठच द्यावे. स्वस्तात देऊन गिऱ्हाईक गमावू नये.

तपासणीची चोपडी

दुकानात जशी जमा-खर्चाची चोपडी असते तशी प्रत्येक टाकीची असावी. नव्या टाकीत पहिले चार ते सहा आठवडे अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट पाहावे. पहिले दोन शून्यावर आल्याशिवाय मासा विकू नये. त्यानंतर साधारण हे आकडे राखावेत :

खारटपणा ३५, म्हणजे घनता सुमारे १.०२६. तापमान २४ ते २७ अंश. पी.एच. ७.८ ते ८.४. अल्कलिनिटी ७ ते ११ डी.के.एच. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम. मॅग्नेशियम १२५० ते १३५०.

यांत अल्कलिनिटी ही नाडी समजावी. तिची चाचणी सोपी आहे. नळीत मोजून टाकीचे पाणी घ्यावे, किटमधील द्रावण थेंब थेंब टाकावे आणि रंग पालटला की थेंब मोजावेत. किटची मुदत पाहावी, नळी टाकीच्याच पाण्याने विसळावी, आणि चाचणी नेहमी एकाच वेळी करावी, कारण पी.एच. पहाटे उतरतो व संध्याकाळी चढतो.

उदाहरण घेऊ. १०० लिटरची टाकी. सोमवारी अल्कलिनिटी ८.५, गुरुवारी ७. तीन दिवसांत दीड अंश, म्हणजे रोजचा खर्च अर्धा अंश. १०० लिटरला एक अंश वाढविण्यास सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, तेव्हा रोज दीड ग्रॅम पुरेल. याच तीन दिवसांत कॅल्शियम लिटरमागे जेमतेम ११ मिलिग्रॅम उतरते. साध्या किटवर ते कळतही नाही. म्हणून ‘कॅल्शियम ठीक आहे’ म्हणत स्वस्थ बसलेला माणूस फसतो. खर्च आधी अल्कलिनिटीत दिसतो.

दुसरा उपाय चुन्याच्या निवळीचा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळून, गाळ बसू देऊन, वरची निवळी घ्यायची. तिच्यातून कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. वरील टाकीला रोज सुमारे अर्धा लिटर निवळी पुरे. उरलेले दीड लिटर साधे शुद्ध पाणी भरावे. निवळी तीव्र असते. ती रात्री थेंब थेंब सोडावी, एकदम ओतू नये. पानाचा चुना नको, त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड वापरत असाल तर दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी टाकू नका. पाणी दुधासारखे होते आणि सगळा माल चुनखडी होऊन तळाशी बसतो. अल्कलिनिटी दिवसाला एका अंशापेक्षा जास्त चढवू नये.

प्रवाळाच्या बाबतीत सावधान

आपल्या समुद्रातील प्रवाळ हा विक्रीचा माल नव्हे. २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात घेतले गेले. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, आणि तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कोणी ‘जिवंत दगड’ स्वस्तात आणून दिला तर हात लावू नये. दुकान आणि अब्रू दोन्ही जातील. मासे मात्र हॅचरीचे घ्यावेत. क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विकसित केले आहे, आणि हॅचरीचा मासा टाकीत लवकर रुळतो. वर सांगितलेली चाचणी प्रवाळाशिवायही लागतेच, कारण कोळंबी, शंख आणि दगडावर चढणारे गुलाबी शेवाळ यांनाही तोच चुना हवा असतो.

आमचे व्यापारी बंधूंना सांगणे एवढेच. टाकी विकताना खारटपणाचे मीटर आणि अल्कलिनिटीचा किट बरोबर द्या, गिऱ्हाइकासमोर पहिली चाचणी स्वतः करून दाखवा आणि एक कोरी वही हातात ठेवा. महिन्याने ते गिऱ्हाईक वही घेऊन परत येईल, मेलेला मासा घेऊन नव्हे.