युद्धभूमीवरील धूर आणि शाबितीचा भार

युद्धातील इजा म्हटली की गोळी, सुरुंग वा तोफगोळा डोळ्यांसमोर येतो. श्वासावाटे झालेली इजा मात्र दिसत नाही. म्हणूनच ती सिद्ध करणे कठीण जाते. इराक व अफगाणिस्तानातील अमेरिकन लष्करी तळांवर कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जात असे. बगदादच्या उत्तरेकडील बलद तळावर प्लास्टिक, रंग, वैद्यकीय कचरा असे सर्व काही विमानाचे इंधन ओतून पेटविले जाई. तेथील खड्डा २००९ मध्ये बंद झाला. वाळवंटी धूळ व वाहनांचा धूर यांची त्यात भर होतीच. शिवाय जून २००३ मध्ये मोसूलजवळील मिश्राक येथील गंधकाच्या साठ्याला आग लागली आणि सुमारे महिनाभर सल्फर डायऑक्साइड हवेत मिसळत राहिला.

या संदर्भात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधन विशेष महत्त्वाचे आहे. केंटकीतील फोर्ट कॅम्पबेल तळावरून धाप लागण्याच्या तक्रारीमुळे ८० सैनिक तेथे तपासणीसाठी पाठविण्यात आले होते. त्यांपैकी ४९ जणांच्या फुप्फुसांचा तुकडा काढून तपासला असता ३८ जणांत कन्स्ट्रिक्टिव्ह ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे सूक्ष्म श्वासनलिका व्रणतंतूंनी आवळल्या जाण्याचा विकार आढळला. त्यांतील अनेक जण मिश्राकच्या धुरात सापडलेले होते. बहुतेकांचे सी. टी. स्कॅन मात्र निर्दोष होते. ज्या चाचण्यांवर भरपाईचे निर्णय अवलंबून असत, त्याच या विकाराबाबत मुक्या होत्या. शस्त्रक्रियेची जोखीम पत्करून प्रत्येकाने पुरावा आणावा, ही अपेक्षा कितपत न्याय्य?

त्याच वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने दीर्घकालीन परिणामांविषयी निष्कर्ष काढण्यास माहिती अपुरी असल्याचे म्हटले. कोण, किती काळ, कोणत्या धुरात होता याच्या व्यक्तिगत नोंदीच नव्हत्या. अपुरा पुरावा म्हणजे धोक्याचा अभाव नव्हे. परंतु दावे निकालात काढताना हा भेद पुष्कळदा पुसला गेला. २०१४ मध्ये सुरू झालेली नोंदवही स्वेच्छेची होती, त्यामुळे तिच्यातून कार्यकारणभाव ठरविणे शक्य नव्हते.

१० ऑगस्ट २०२२ रोजी संमत झालेल्या कायद्याने शाबितीचा भार हलविला. इराकमध्ये सेवा बजावलेल्या व फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या हीथ रॉबिन्सन या सार्जंटचे नाव त्याला दिले आहे. विशिष्ट प्रदेशांत सेवा केलेल्या सैनिकास वीसहून अधिक विकारांपैकी एखादा जडल्यास तो सेवेमुळेच झाला असे आता गृहीत धरले जाते. कन्स्ट्रिक्टिव्ह ब्रॉन्किओलायटिसचाही त्यात समावेश आहे. वैज्ञानिक अनिश्चितता याने संपत नाही. तिचा बोजा कोणी वाहायचा, एवढेच ठरते. बलदच्या परिसरातील इराकी रहिवाशांना हा कायदा लागू नाही.